दीर गाडी नेतो आणि पेट्रोल उडतं

मंडळी, धाकट्या दिरानं गाडी नेली की पेट्रोल लय जायचं. पोखर्णीला जातो सांगून हा भलतीकडंच फिरतो, असा माझा पक्का संशय.

आज मुद्दाम त्याच्या शेजारी बसून पोखर्णीला गेले. "वहिनी, आपुन कुणाची धूळ खायची न्हाई," म्हणत त्यानं दिसंल त्या गाडीला मागं टाकलं आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला कचकन ब्रेक मारला. डॅशबोर्डवर ॲव्हरेज आलं बारा.

येताना मीटर शून्य करून मी चालवली, साठच्या आत, एका चालीत. ॲव्हरेज अठरा.

घरी आल्यापासून तो सासूबाईंना सांगायलाय, "वहिनीनं कुठलं तरी बटण दाबलंय."

तुमच्या घरी गाडी नेणाऱ्याच्या शेजारी कधी बसून बघितलंय का?