टोपलीखालचे टेडी

मला टेडी मुळातच आवडत नाहीत. शी! त्या खोट्या केसांना हात लागला तरी अंगावर काटा येतो, आणि नवे असताना त्यांना जो प्लॅस्टिकचा वास येतो तो तर थेट डोक्यात जातो. असे दोन धटिंगण टेडी गेल्या थंडीत आठवडाभर फुलपाड्याच्या माझ्या एवढ्याशा घरात पाय पसरून बसले होते. चहात केस, आमटीत केस, शिलाई मशीनच्या बॉबिनमध्ये केस.

निमित्त भाचीच्या डोहाळजेवणाचं. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, आता नाही. तेव्हा माहेर म्हणून जे काय उरलंय ते मीच. भाचीच्या सासूबाईंचा गोखिवऱ्याहून फोन आला. "विहीणबाई, तुमच्या हातात कला आहे हो. दोन टेडी पाठवते, त्यांना कपडे शिवून द्या. एकाला धोतर-फेटा, एकाला परकर-पोलकं."

आमच्या वेळी दोन वाट्या झाकून ठेवायचे. एकीत पेढा, एकीत बर्फी. गरोदर बाईने एक वाटी उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या बायका हसायच्या आणि दोन्ही खाऊन टाकायच्या. आता म्हणे रीलमध्ये टोपल्यांखाली टेडी ठेवतात. सोनोग्राफीवाले सांगत नाहीत ना, मग टेडीला विचारा!

मला तेव्हाच खटकलं. दुसऱ्या खेपेला एवढं थाटाचं डोहाळजेवण करतं का कोणी? भाचीला पहिली मुलगी आहे, पाच वर्षांची. तिचं बारसं याच बाईने चार माणसांत, चहा-बिस्किटांवर उरकलं होतं. आणि आता हॉल काय, फुलांचे दागिने काय, फोटोग्राफर काय! हा उत्साह कशापायी, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? मी नाहीच म्हणणार होते. पण भाचीने फोनवर आवाज खाली आणला. "मावशी, शिव गं. होऊ दे त्यांच्या मनासारखं. डॉक्टरांनी बजावलंय, यानंतर अजिबात नको. पण मुलगा नाही झाला तर हे लोक मला तिसऱ्या बाळंतपणाला उभं करतील, बघ."

मग काय, शिवलं. टेडीला कंबर नसते. गळाही नसतो, नुसतं पोट. धोतर दोनदा घसरलं, शेवटी आतून इलॅस्टिक घातलं. भाचीच्या मुलीला मीच खणाचा परकर शिवला होता, त्याचं उरलेलं कापड दुसऱ्या टेडीला काढलं. पोरगी आईबरोबर बघायला आली आणि त्या केसाळ ध्यानाला कवटाळून म्हणाली, "ही माझ्यासारखी. ही माझी बहीण." मी तिच्या गालाला चिकटलेले टेडीचे केस पुसले. जीव कसा गलबलला म्हणून सांगू.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये बायकांची ही गर्दी. भाची फुलांच्या दागिन्यांत अवघडून बसलेली. समोर झाकलेल्या दोन टोपल्या. "उचल गं, उचल!" तिने उजवीकडची उचलली. धोतर-फेटा! टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी कडाकडा बोटं मोडली आणि ज्याच्या त्याच्या तोंडात पेढा कोंबायला लागल्या. भाची बँकेत नोकरी करते, शिकलेली आहे, पण तुम्हाला सांगते, त्या फेट्याकडे बघून तिचा जीव भांड्यात पडला. मला तिचाही राग आला.

तेवढ्यात पोरगी पुढे धावली. "आता माझी!" म्हणत तिने दुसरी टोपली उचलली.

खाली धोतर. फेटा. चकचकीत सॅटिनचा, जरीची किनार गोंदाने चिकटवलेली, एका बाजूने सुटत आलेली. माझ्या हातचं काम नव्हतं ते. माझं परकर-पोलकं काढून कुठूनतरी हे विकत आणून चढवलं होतं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाईंना मात्र लाज ना शरम. "अगं, शुभ कार्यात कशाला विषाची परीक्षा!" म्हणाल्या, आणि हसल्यासुद्धा. माझ्या तोंडात त्यांनीच भरवलेला पेढा होता. इतकी किळस आली की तो गिळवेना. सगळ्यांदेखत कागदी रुमालात थुंकले मी. बघायचं त्यांनी बघितलं.

पोरगी वाकून टेबलाखाली शोधत होती. "आजी, माझ्यासारखी कुठेय?"

"आत पिशवीत टाकलाय तो परकर. घाल हो तुझ्या बाहुलीला."

भाची दोन्ही हातांनी खुर्ची धरून उठली. मला वाटलं, चक्कर येतेय की काय. मी पुढे झाले, पण तिने मला हातानेच थांबवलं.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "मला मुलगी झाली तर तिलाही पिशवीत टाकाल का?"

"भरल्या ओटीने असं बोलू नये."

"मी विचारतेय तुम्हाला."

सासूबाई फोटोग्राफरकडे वळल्या आणि त्याला कॅमेरा बंद करायला सांगितला.