हरीमामा आणि खालची तुटक रेघ

गोव्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये वेल्डर चार, पण ड्रॉइंग वाचणारा एकच: हरीमामा. विसाव्या वर्षी तो चंदगडकडून वास्कोला जहाजांच्या कामावर आला. तिथल्या एका म्हाताऱ्या फोरमनने त्याला ड्रॉइंगवरची चिन्हं शिकवली. त्यानंतर त्याला काही शिकवायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. आता छप्पन्न वर्षांचा आहे. सर्टिफिकेट नाही, गुडघे गेलेत, डोळ्यांत कायम वाळू असल्यासारखं होतं. पण सकाळी चष्मा लावून तो ड्रॉइंग बघतो, लोखंडावर खडूने खुणा करतो आणि बाकीचे तिघे खडू दिसेल तिथे वेल्ड मारतात. त्याच्या खुणेवर कोणी 'का' विचारत नाही. एवढीच त्याची शेडमधली कमाई. मी क्वालिटीवाला, डिचोलीत डिप्लोमा केलेला. खरं सांगायचं तर मीही खडूच बघायचो.

गेल्या फेब्रुवारीत जर्मनीची ऑर्डर आली. पंपाखाली बसवायच्या चोवीस चौकटी. ड्रॉइंगवर बाणाच्या शेपटीला नेहमीची आडवी रेघ होती, पण तिच्याखाली आणखी एक, तुटक तुटक. वेल्डचं त्रिकोणी चिन्ह त्या तुटक रेघेला लटकलेलं.

"मामा, ही दुसरी रेघ कसली?"

"झेरॉक्सवाल्याची शाई संपली आसंल. कागद हलला की आसंच येतंय." त्याने खडू उचलला. "चिन्ह खाली, म्हंजे बाण दावतोय त्या अंगाला वेल्ड. पस्तीस वर्षं तसंच हाय, क्वालिटी. तू डिप्लोम्याला झोपला हुतास काय?"

झोपलो नसेन, पण जागाही नव्हतो. पहिल्या चौकटीचा वेल्ड मापला, माप चोख. सही ठोकली.

चौथ्या दिवशी चोवीसही झाल्या. फोटो जर्मनीला गेले आणि दुपारी उत्तर आलं: वेल्ड उलट्या बाजूला आहेत, त्या जागी रबर बसणार आहे, तिथे सपाट हवं. मग मी पुस्तक उघडलं, जे आधी उघडायला हवं होतं. अमेरिकेच्या पद्धतीत रेघेखालचं चिन्ह म्हणजे बाणाची बाजू, रेघेच्या वरचं म्हणजे पलीकडची. युरोपवाल्यांच्या पद्धतीत वर-खाली बघायचंच नाही. चिन्ह अखंड रेघेवर असेल तर बाणाची बाजू, तुटक रेघेवर असेल तर पलीकडची. झेरॉक्सवाल्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

सुपरवायझर गुरुदास पेडण्याचा. तो ओरडत नाही, हळू बोलतो. ते जास्त वाईट.

"खडू कोणें मारलो?"

"मी मारलाय, सायेब," हरीमामा म्हणाला.

"पहिला पीस मी पास केला," मी म्हणालो.

"तुजें मागीर बघूया." माझी पाळी नंतरवर टाकत गुरुदासने ड्रॉइंग घडी घालून माझ्या खिशात खोचलं. "ह्याच्यापुढे क्वालिटीच्या सहीशिवाय खडू मारपाचो नाय. हरी, समजलं मरे?"

हरीमामाने मान हलवली. बाकीचे तिघे आपापल्या बुटांकडे बघत होते.

पुढचे पाच दिवस नुसतं ग्राइंडर. स्वतः घातलेला वेल्ड स्वतःच खरवडायचा आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा घालायचा. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हरीमामाला दोन्ही पद्धती कागदावर काढून दाखवल्या. त्याने भाकरी चावत दोन्हींवरून बोट फिरवलं.

"मग वास्कोत शिकलो ते चुकीचं?"

"नाही मामा, ते अमेरिकेचं."

"आन् हे युरोपचं. मग आपलं कुठलं?"

"आपलं तुयेचं. जो ऑर्डर देईल त्याचं."

तो हसला, पण अर्धाच. "ह्या वयात बाण उलटा फिरवायचा म्हंजे..." पुढचं त्याने भाकरीबरोबर गिळलं.

चौकटी गेल्या. पुढच्या आठवड्यात कोरियाचं काम आलं. सकाळी हरीमामा ड्रॉइंग घेऊन माझ्या टेबलाशी आला. रेघ एकच, अखंड, आणि चिन्ह तिच्या वर. अमेरिकेचं असेल तर पलीकडची बाजू, युरोपचं असेल तर बाणाची. पद्धत कुठली, ते कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला काय वाटायचंय? तू सही कर."

"मलाही खात्री नाही."

"मग इचार त्यांना."

मी मेल केला. बाकीचे तिघे वेल्डर हात बांधून बसले. हरीमामा मात्र बसला नाही, माझ्या टेबलाला टेकून गुडघा चोळत उभा राहिला. एक म्हणाला, "मामा, मारा ओ खडू, येईल उत्तर." त्याने ऐकलं नाही.

साडेअकराला उत्तर आलं. "पलीकडची बाजू," मी वाचून दाखवलं. "म्हणजे तुमचीच पद्धत. तुमचं बरोबर होतं, मामा."

"बरोबर हुतं व्हय," तो म्हणाला. खूश झाला असं काही दिसलं नाही. कागद माझ्यापुढे सरकवून त्याने बोट ठेवलं. "हितं सही कर. तारीख पण घाल."

मी केली. त्याने चष्मा पुसून ती सही नीट वाचली आणि कामाला गेला.