निम्मा दोष घोडीचा

घोड्यांच्या आयाळीचे केस तपासून पोट भरता येतं, हे पुण्यातल्या माझ्या एकाही नातेवाइकाला अजून पटलेलं नाही. इथे आयर्लंडमध्ये पीएचडी झाली आणि या प्रयोगशाळेत मी चिकटले ती चिकटलेच. पाकिटातून मुळासकट उपटलेले केस येतात. त्यांतलं जनुक बघून शिंगरू आखूड शर्यतीत सुसाट पळेल की लांब पल्ल्याचं निघेल, एवढं सांगायचं. आता घोडा दिसला तरी मला जांभई येते.

निकाल आम्ही ईमेलने पाठवतो. पण एनिस गावाकडचा एक म्हातारा शेतकरी तो ऐकायला स्वतः गाडी चालवत आला. त्याच्याकडे एकच घोडी. तिची आधीची दोन शिंगरं संथ निघाली होती. हे तिसरं, मादी. हेही तसंच निघालं तर खर्च परवडणार नाही, घोडी विकावी लागेल, असं तो म्हणत होता. घोडीत मात्र काही खोट नाही, आपणच दर वेळी नर वाईट निवडला, हेही त्याने दोनदा ऐकवलं.

शिंगरू लांब पल्ल्याचं होतं. सडपातळ अंगाचं, उशिरा भरणारं. असल्यांना गिऱ्हाईक लवकर मिळत नाही, हे त्याला माझ्याहून जास्त माहीत होतं.

"ग्रँड," तो म्हणाला. इथे 'ठीक आहे'ला ग्रँडच म्हणतात. "म्हणजे बापावर गेली."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आम्हा पहिल्या बाकावरच्यांना एक खोड असते. प्रश्न दोन मार्कांचा असला तरी उत्तर दहा मार्कांचं, आकृतीसकट. त्यात मी दमलेली, तोंड आपोआप चालू झालं. निकालाच्या कागदामागे दोन गोल काढले. जनुकाची एक प्रत बापाची, एक आईची, आणि दोन्ही लांब पल्ल्याच्याच आल्यात. म्हणजे निम्मं घोडीकडूनच आलंय, आणि पुढच्या शिंगरातही येऊ शकेल. एवढं सांगून मी पेन ठेवलं.

त्याने आईच्या गोलावर बोट ठेवलं. मग म्हणाला, घोडी बायकोने घेतली होती. लिलावात सगळे हसत होते, पाठ लांब आहे म्हणून त्यानेही नको म्हटलं होतं. तिने ऐकलं नाही. गेल्या हिवाळ्यात बायको वारली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घाईघाईने मी म्हटलं, एका जनुकावरून सगळं ठरत नाही, काळीज असतं, फुप्फुसं असतात, तालीम असते. खरंच होतं ते. पण हे आधी सांगायला हवं होतं. घोडी विकू नका, असंही म्हणून बसले, जे सांगायचा मला काही अधिकार नव्हता.

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"इतक्या वर्षांत तिच्याशी घातलेला एकही वाद मी जिंकलो नाही," तो म्हणाला. "हा तरी कशाला जिंकवलास?"