उंची टाकून देणारे शेजारी

पंचकुल्यातले आमचे शेजारी, निवृत्त विंग कमांडर, यांनी आयुष्यात विश्वास ठेवला तो फक्त गुरुत्वाकर्षणावर. बाकी सगळं संशयित. दूधवाल्याचं माप, लिफ्टची दोरी, खुद्द स्वतःचा रक्तदाब. डॉक्टरांना ते दुसऱ्या हातावरही पट्टा बांधायला लावत. चंदीगडला सेक्टर त्रेचाळीसच्या स्टँडवर आम्ही बसमध्ये बसलो की ती सुटण्याआधी ड्रायव्हरला ब्रेक दाबून दाखवायला सांगत. तो म्हणे, "पक्का है जी." लगेच हे, "पक्का है तो दिखाने में क्या जाता है?"

अशा माणसाकडे माझी मुलगी ग्लायडर शिकायला लागली आणि संशय घ्यायची पाळी माझ्यावर आली. आधीच विमानाला इंजिन नाही, त्यात हे शिकवत काय, तर उतरताना थोडं उंचच या! मला तो हिशेब पटेना. "हवी तेवढीच उंची का नको?"

"वारा तुमच्यासारखा हिशेबी नाही म्हणून. उंची कमी पडली तर उसनी मिळत नाही. जास्त झाली तर टाकता येते."

ती पहिल्यांदा एकटी उडाली त्या दिवशी आम्ही दोघं धावपट्टीच्या कडेला उभे होतो. उतरायला आली ती फारच उंच. पट्टीच्या शेवटी कुंपण, मागे निलगिरीची रांग. "नाक खाली कर!" मी ओरडलो, जणू तिला ऐकू जाणार होतं. साहेबांनी माझं मनगट धरलं. "नाक खाली घातलं तर वेग वाढेल, आणि तरंगत थेट झाडांत जाईल. वेग तोच ठेवायचा, उंची तेवढी टाकायची."

पंखांवर फळ्या उभ्या राहिल्या. ते हवेतले ब्रेक. तरी उंचच. मग तिने एक पंख खाली झुकवला, नाक उलट बाजूला वळवलं आणि ग्लायडर तिरकं घसरत उतरू लागलं. हे पडणंच आहे, याबद्दल मला शंका उरली नाही. जमिनीजवळ ते सरळ झालं आणि अलगद गवतावर टेकलं.

"तुम्हाला तिची काळजी नाही वाटली?" मी विचारलं.

"छे! संशय तुमच्यावर होता. धावपट्टीवर पळत सुटाल म्हणून मनगट धरलं."

संध्याकाळी मनगटावर बोटांचे वळ दिसले. मला थांबवायला एवढा जोर लागला नसता.

आता ते नागपूरला मुलाकडे असतात. परवा त्रेचाळीसच्या स्टँडवर मी ड्रायव्हरला ब्रेक दाखवायला सांगितलं. "पक्का है जी," तो म्हणाला. मी सवयीने शेजारच्या सीटकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्यांचं होतं.