सुनेच्या नावाची घागर

उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत आमचं भंगाराचं दुकान आहे. नवरा टेम्पोतून माल आणतो, मी काट्यावर बसते आणि धाकटी बहीण माल निवडते. निवडणं म्हणजे काय, हे भंगार म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांना ठाऊक नसतं. आधी लोहचुंबक फिरवायचं. चिकटलं ते लोखंड. ते शिरोलीकडच्या फाउंड्रीत जातं, वितळतं आणि पंपाचा नाहीतर ट्रॅक्टरचा भाग होऊन बाहेर पडतं. उरलेलं तांबं, पितळ, अ‍ॅल्युमिनियम वेगवेगळं करायचं, कारण एकात दुसरं मिसळलं की भट्टीतला सगळा रस नासतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी तिकडं चंदगडच्या बाजूला डोंगर सोलून तांबडी माती नेली. जुनं पातेलं वितळवायला त्याच्या मानानं चिमूटभर जाळ लागतो आणि डोंगर जागेवर राहतो. एवढं कळायला फार शिकावं लागत नाही, तरी आमच्या गल्लीतून जाताना बायका अजून पदर नाकाला लावतात.

आमच्या दुकानात टाकाऊ असं काही नसतं. टाकलेली एकच, माझी बहीण. हा शब्द माझा नाही, सोयऱ्याधायऱ्यांचा आहे. तिला पेठ वडगावला दिली होती. काही वर्षांनी त्यांनी परत पाठवली. कारण रोज नवं निघायचं. भाकरी जाड, चालणं जोरात, तोंड फटकळ. फटकळ तर आम्ही दोघीही आहोत, त्यात लपवायचं काय? शेवटी कोर्टात सह्या झाल्या आणि त्यांच्या दृष्टीनं विषय संपला.

बहिणीचा जीव भांड्यांत अडकला होता. पोटगी नको, दागिना नको, वडिलांनी लग्नात दिलेली पितळेची घागर, कळशी आणि परात तेवढी परत हवी होती. भांड्यावर नाव घालायची आपली रीत. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीतही आपलीच. वडिलांनी सासरच्यांना आधी विचारून घेतलं आणि मोठ्या हौसेनं भांड्यांवर नवं नाव घातलं. आधी सौ., मग त्यांनी ठरवलेलं नाव, मग त्यांचं आडनाव. जन्मापासूनचं नाव कुठं नाही, देणाऱ्या बापाचं नाही. भांडी परत मागायला बैठक बसली तेव्हा सासूनं परात आणून पंचांपुढं धरली.

"वाचा की पावणं. आमच्या सुनंचं नाव हाय. तुमची लेक आता आमची सून न्हाय."

पंचांनी वाचलं, माना डोलावल्या, चहा घेतला आणि उठले. वडील शब्दही बोलले नाहीत. मला त्या सगळ्यांची चीड आली, वडिलांचीसुद्धा, आणि ती अजून गेलेली नाही.

पुढं त्यांनी दुसरी सून आणली. तिचं नाव काय ठेवलं? तेच. भांड्यांवरचं नाव बदलत बसायला नको. हे कळलं तेव्हा मी आधी हसले. बहीण हसली नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई पिशवीत घागर घेऊन दुकानात आली. काट्यावर ठेवायच्या आधीच तिनं विचारलं, "तुमची भन कुठाय?" बहीण माल निवडत होती, ती उठून आली. घागरीवरचं नाव दिसलं आणि आम्हाला दोघींना कळलं, ही कोण.

"बुडाला गळत्या," बाई म्हणाली. "मोडीत घालून नवी आण म्हणाल्यात सासूबाई. भंगारवाला गावात बी हाय की. पर म्हटलं, जिची हाय तिच्याफुडं न्हेऊन ठेवावी. म्हणून हितं आलो."

"आणि परात? कळशी?" मी विचारलं.

"ती वापरात हाईत."

मला तिच्यावरही ओरडायचं होतं. पण ओरडू कशी? उन्हातून आलेली, घाबरलेली पोर ती. बहिणीनं तिला पाणी दिलं आणि विचारलं, "तुझं खरं नाव काय गं?"

तिनं सांगितलं. लग्नापासून हे कुणी विचारलं नव्हतं, असंही म्हणाली. मग बहिणीनं आपलं सांगितलं. दोघी एकमेकींना त्या नावांनी हाक मारून बघत होत्या, आणि मला रडू येत होतं.

घागरीच्या बुडाला गळती बुजवायला कथलाचा डाक लावलेला होता. तसलं ठिगळ पितळेत चालत नाही म्हणून बहिणीनं ते छिन्नीनं काढलं. वजन झालं, बाई उठली आणि दारात थांबली.

"भांड्यावर नाव घालणारा कुठं बसतोय हो?"

"कशाला?" बहिणीनं विचारलं.

"नव्या घागरीवर नाव घालूनच आण म्हणाल्यात."

"कुठलं?"

ती खाली बघत म्हणाली, "त्येच."

बहिणीनं तिला रस्ता सांगितला, नीट, हात करून. ती वळणापलीकडं गेल्यावर बहिणीनं घागर आडवी केली, हातोडा घेतला आणि पहिला घाव नावावर घातला. घागर चेपून चपटी झाली, पोत्यात जाण्याजोगी झाली, तरी ती मारतच होती. मी तिला थांबवलं नाही.