मामाजींनी दिलेल्या गोळ्या

मामाजींना हळू बोलताच येत नसे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. गाव मात्र त्यांना 'भोंगा' म्हणायचं, तेही तोंडावर. तरुणपणी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात त्यांना पडद्याआडून संवाद सांगायला बसवलं होतं म्हणे. राजाच्या तोंडून वाक्य निघायच्या आत ते मामाजींच्या तोंडून पार मागे उभ्या असलेल्या बैलबंड्यांपर्यंत पोचायचं. शेवटी प्रेक्षकांतूनच आवाज आला, "अरे, या भोंग्यालेच राजा करा ना!"

मी लग्न होऊन आले, तेव्हा माझ्या पहिल्या स्वयंपाकाचा निकालही मी चुलीजवळ बसूनच ऐकला. ते अंगणातून सासूबाईंना 'हळूच' सांगत होते, "पोरगी गुनाची आहे, पर भात पार गोळा करून ठेवला!" शेजारच्या घरातलं कुणीतरी हसलं. मी रडले नाही, कारण पाठोपाठ त्यांनी तोच भात दुसऱ्यांदा मागून घेतला होता.

आवाज असा असला तरी सुनेची मर्यादा ते फार पाळायचे. मी दिसले की खाटेवरून उठायचे, घरात यायच्या आधी खाकरायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून मला 'मास्तरीनबाई' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. तब्येतीचं काही असलं तर सासूबाईंमार्फत निरोप यायचा. नवरा तिरोड्याला नोकरीला आणि शनिवारी-रविवारी घरी, त्यामुळे एरवी गाडी मीच चालवायची. दवाखान्यात नेताना ते मागच्या सीटवर बसून माझ्याशी फक्त धानाविषयी बोलायचे.

त्यांचा दुसरा नाद गोळ्यांचा. स्वतःच्या दुखण्याच्या उरलेल्या गोळ्या ते एका स्टीलच्या डब्यात साठवायचे आणि सढळ हाताने वाटायचे. कुणाचा गुडघा धरला, कुणाला आंबट ढेकर आले, की डबा उघडलाच. "मले लागू पडली, तुले काऊन नाई पडनार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा सासूबाईंकडून सांगून पाहिलं की, असं कुणालाही औषध देऊ नये. त्यावर अंगणातून उत्तर आलं, "मास्तरीनबाईले सांग, मी काई विष वाटून नाई रायलो."

साठीनंतर त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला. थेंबथेंब व्हायची, पुन्हा पुन्हा उठावं लागायचं. नवऱ्याने त्यांना गोंदियाला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. प्रोस्टेट वाढली होती. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. एक झोपताना घ्यायची, तिने उठताना चक्कर येऊ शकते म्हणून सावकाश उठायचं. दुसरी लहानशी, रोज एकच, ठरल्या वेळी. तिने लघवी मोकळी होते आणि पुरुषांच्या दुसऱ्या अडचणीलाही फरक पडतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, "एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि ही कुणालाही द्यायची नाही. छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची गोळी जो घेतो, त्याला तर मुळीच नाही." हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की, गुडघ्याच्या गोळीचं कौतुक चौकात करणारे मामाजी या गोळ्यांबद्दल अवाक्षर काढत नाहीत. आणि त्या हिवाळ्यात सासूबाई केसांना तेल लावताना गाणं गुणगुणायला लागल्या होत्या.

डोमाजीकाका त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. दोघांची घराणी तलाव बांधणाऱ्यांची, शेतं शेजारी, तलावाच्या पाळीवरची बसायची जागाही ठरलेली. काका जितके कमी बोलायचे तितके मामाजी त्यांच्या वाटचं बोलून घ्यायचे. काकांना छातीचं दुखणं होतं. जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायची. हे मामाजींना ठाऊक होतं, अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

धानाची कापणी चालू होती. रविवार असला तरी नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून घरी मी आणि सासूबाईच होतो. दुपारी मामाजी शेतातून पळत आले आणि अंगणातूनच ओरडले, "गाडी काढा! डोम्या पडला!" बांधावर काका पांढरेफटक पडले होते, अंग घामाने थंडगार. त्यांची बायको, यशोदाकाकू, पदराने वारा घालत होत्या. छातीत दाटलं म्हणून काकांनी जिभेखाली गोळी ठेवली होती, आणि लगेच कोसळले होते.

काकू माझ्या शेजारी बसल्या, मागे मामाजी, त्यांच्या मांडीवर काकांचं डोकं. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता फार लांब नाही. पण त्या सगळ्या रस्त्यात मामाजी एक शब्द बोलले नाहीत. मी आरशात पाहिलं तर ते काकांच्या कपाळावर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होते. दोस्तासाठी घाबरलेत, असं मला वाटलं.

दवाखान्यातली डॉक्टर अगदी तरुण मुलगी होती. तिने विचारलं, "ह्यांची औषधं कोणती?" काकूंनी पिशवी पुढे केली. "याशिवाय आणखी काही घेतलंय का? नीट आठवा." काकू म्हणाल्या, "नाई बाई, काईच नाई." मामाजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. रक्तदाब अगदी तळाला गेला होता. सलाईन लावलं, तसा तो थोडा वर आला. काकांनी डोळे उघडले आणि परत छातीवर हात नेला. "दुखतंय का?" डॉक्टरने विचारलं. काकांनी मान हलवली. घाबरलेल्या काकूंनी लगबगीने पिशवीतून तीच गोळी काढली आणि त्यांच्या ओठांपाशी नेली.

"देऊ नोका!"

मामाजींचा तो आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला असणार. काकूंच्या हातातून गोळी खाली पडली.

"त्यानं माझी गोळी खाल्ली आहे," मामाजी म्हणाले. "ताकदीची. काल एक, आज सकारी एक. मीच देली." खिशातून त्यांनी रिकामी पट्टी काढून डॉक्टरच्या हातात दिली. मी दोन पावलांवर उभी होते. ते माझ्याकडे एकदा बघून खाली बघायला लागले, आणि मी बाहेर जावं की थांबावं, हे मला कळेना. थांबले.

डॉक्टरने पट्टीवरचं नाव वाचलं. "टाडालाफिल. आणि वर जिभेखालची गोळी! दोन्ही मिळून रक्तदाब असा पाडतात की माणूस हातचा जातो. हिचा अंमल दोन दिवस राहतो, आजोबा. मघाशी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं?"

उत्तर त्या खोलीतच उभं होतं. एका बाजूला सून, एका बाजूला दोस्ताची बायको.

काकांना गोंदियाला हलवलं. ते वाचले. पण रक्तदाब बराच वेळ खाली राहिल्याने मेंदूला झटका बसला होता. डावा हात गेला आणि जीभ जड झाली. मामाजींनी तिथल्या डॉक्टरांना विचारलं, "मी गाडीतच सांगतलो असतो तर?" डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता." मामाजींना दोहोंपैकी एकच ऐकू आलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात काकूंनी त्यांना अडवलं. "काऊन देली तुमी त्याईले?"

"मीच हट्ट केलो, वहिनी. तो नाई म्हनत होता. मीच बळजबरीनं देलो."

"दोस्त तुमचा, गोळी तुमची. मानूस तर माझा होता ना!" एवढं बोलून काकूंनी पाठ फिरवली.

घरी आल्यावर मामाजींनी तो डबा उकिरड्यात पुरला. रोज सकाळी ते काकांच्या अंगणात जाऊन कुडाजवळ बसायचे. काकू त्यांच्याभोवतीने झाडून घ्यायच्या, पण 'या' म्हणायच्या नाहीत. काका आतल्या खाटेवरून बघत राहायचे. तलावाचं पाणी सुटलं की मामाजी आधी काकांच्या बांधीत, धानाच्या वाफ्यात, पाणी वळवायचे, मग आपल्या. काकूंना ते दिसत असे. त्यांनी कधी चहा विचारला नाही.

आणि मग एक दिवस मामाजींना लघवीच होईना. पोट फुगलं, कळा सहन होईनात. दवाखान्यात नळी घालावी लागली तेव्हा उलगडा झाला. काका पडले त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या होत्या. मी पहिल्यांदाच सासूबाईंना मध्ये न घालता त्यांच्या खाटेशी जाऊन बसले.

"मामाजी, गोळ्या काऊन सोडल्या?"

छताकडे बघत ते म्हणाले, "कोनत्या तोंडानं खाऊ, मास्तरीनबाई? डोम्या थुंकी गिळू नाई शकून रायला, अन् मी माझं मुतनं सुधरवू?"

"त्यानं काकांचा हात परत येणार आहे का? मनानं दिल्या तेव्हा काय झालं पाहिलं. आता मनानं सोडून पाहिलं. यापुढे डॉक्टर सांगतील तेवढंच."

त्यांनी उशीत तोंड घातलं. सासऱ्याला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाकरले, आत आले आणि म्हणाले, "गोळीची वेळ झाली आहे. पानी द्या." तेव्हापासून पाणी मीच द्यायची.

त्यानंतर ते बोलायला लागले. आठवडी बाजारात, मंडईत, सलूनच्या बाकावर, जिथे चार म्हातारे दिसतील तिथे, स्वतःचं नाव घेऊन. "लघवीची गोळी असो का दुसरी, डॉक्टरनं लेहून देली तेवढीच खाजो. अन् छातीची गोळी चालू असन तर आधी सांगजो. लाजला तर मेला. मी माझ्या दोस्ताले जबरदस्तीनं देलो, त्याचं काय झालं पाहून या." पोरं खिदळायची. नवरा वैतागून म्हणायचा, बाबा, घराची लाज तरी ठेवा. पण एकदा शेजारच्या गावचा एक मिठाईवाला संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला. गोंदियाहून डॉक्टरच्या चिठ्ठीविना आणलेली तसल्याच गोळ्यांची पट्टी त्याच्या मुठीत होती आणि खिशात हृदयाची औषधं. मामाजींनी त्याची पट्टी हातातसुद्धा घेतली नाही. "मले विचारू नोको, भाऊ. मी डॉक्टर नाई, हे मले लय महागात समजलं." दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गोंदियाला मात्र गेले आणि तो डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत बसून राहिले.

गेल्या वर्षी, सकाळी चहा घेता घेता मामाजी गेले. अंगणात माणसं जमली. काठी टेकत, एक पाय ओढत डोमाजीकाका आले, मागे यशोदाकाकू. काका मामाजींच्या उशाशी बसले आणि उजव्या हाताने त्यांच्या कपाळावरचा गुलाल पुसत राहिले. मग त्यांनी काकूंकडे मान वळवली. एकेक शब्द काढायला त्यांना वेळ लागत होता.

"याच्या... पाया पड."

काकू उभ्याच राहिल्या.

"मीच मांगतली होती. हा... नाई म्हनत होता. छातीचं सांगून... नाई म्हनत होता. मी याच्या... पाया पडलो, तवा देला."

काकूंनी विचारलं, "मंग इतके दिवस काऊन नाई सांगतलं?"

"तुझ्यापुढं... लाज वाटली," काका म्हणाले.

काकू हळूहळू खाली बसल्या. पदर डोक्यावर ओढून त्यांनी मामाजींच्या पायांना हात लावला आणि तो तसाच ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, पानी आन वो एक लोटा. याईचे पाय मी धुतो."