फाईल पोचली की सांगेल

आधी मॅडमचं सांगतो. जव्हारला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत त्या कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. यजमान शिक्षक, त्या स्वतः बीएस्सी. नाव छापलेलं त्यांना चालणार नाही, म्हणून नुसतं मॅडम. आज मी प्रोग्रॅम लिहून पोट भरतो त्याची सुरुवात त्यांच्या क्लासात झाली, आणि मोखाड्यातली माझी पहिली नोकरी टिकली तीही त्यांच्यामुळेच.

माझं गाव लातूरकडे. शाळा नववीत सुटली. चुलते जव्हार डेपोत कंडक्टर होते, त्यांच्याकडे राहून पोरगं काहीतरी शिकेल म्हणून घरच्यांनी धाडून दिलं. पुढे चुलत्यांची बदली झाली. मी खोली सोडली नाही. परत जाऊन काय करणार, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मॅडमकडे टायपिंग शिकता शिकता मी प्रोग्रॅमच्या नादाला लागलो, आणि मोखाड्याच्या दवाखान्याला कॉम्प्युटरवर बसणारा माणूस हवा होता तेव्हा मॅडमनी माझं नाव सुचवलं. "नववी शिकलाय, पण मी सांगते, करेल," असं त्या माझ्यासमोर फोनवर म्हणाल्या. तो शब्द मला फार जड वाटला होता.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. दवाखाना एका ट्रस्टचा. एक्स-रेचं मशीन होतं, पण एक्स-रे वाचणारे डॉक्टर नाशिकला. सिस्टर ओली प्लेट खिडकीच्या काचेवर धरायच्या, मी कॅमेऱ्यानं तिचा फोटो घ्यायचो आणि टेलिफोनच्या लाईनवरून फाईल नाशिकला पाठवायचो. तिथून उत्तराची लहानशी फाईल यायची: औषध द्या, नाहीतर पेशंटला इकडे पाठवा.

अडचण बाजाराच्या दिवशी व्हायची. त्या दिवशी पाड्यापाड्यांवरून माणसं येत. आधी कुणीतरी करून दिलेला प्रोग्रॅम फाईल पाठवायला लागला की पडदा गोठायचा. ती जाईपर्यंत पुढच्या माणसाचं नावसुद्धा टाईप करता यायचं नाही. रांग व्हरांड्यातून बाहेर जायची. उत्तर यायच्या आत परतीच्या जीप निघून जात आणि माणसं एक्स-रे काढूनही तशीच घरी जात. ट्रस्टच्या लोकांनी सांगून टाकलं, पुढच्या बाजारापर्यंत हे सुधारलं तर ठीक, नाहीतर नाशिकहून दुसरा माणूस आणू.

मॅडमना एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर एक लायब्ररी सापडली. लायब्ररी म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड, आपण आपल्या प्रोग्रॅमात घ्यायचा. ही फाईल पाठवणारी होती, पण पाठवत बसणारी नव्हती. तिला फाईल दिली की ती लगेच 'बरं' म्हणायची आणि आपला प्रोग्रॅम दुसऱ्या कामाला मोकळा. फाईल पोचली किंवा लाईन तुटली की ती आपण आधी लिहून ठेवलेला तुकडा चालवायची. सोबतची इंग्रजी माहिती मॅडमनी मला वाचून दाखवली. मला सगळं समजलं असं मला वाटलं.

नवा प्रोग्रॅम घेऊन मी मोखाड्याला गेलो. पहिल्या फाईलला पडद्यावर ताबडतोब 'गेली' असं आलं. दुसरीही गेली. सिस्टर म्हणाल्या, "आज काय, विमानानं पाठवतोस का?" मी लाईन सोडली, तसा नाशिकहून फोन आला.

"अहो, हा पेशंट खांद्यापर्यंतच आहे. खाली सगळं राखाडी. छाती कुठाय?"

दुसऱ्याला तर खांदेही नव्हते.

जव्हारला परत आलो. मॅडमनी माझा कोड वरून खाली वाचला. "तू फाईल दिलीस, आणि पुढच्याच ओळीत 'गेली' लिहून कनेक्शन बंद केलंस. ती नुसतं बरं म्हणाली होती रे. पोचली असं कुठं म्हणाली?"

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे दुरुस्ती केली. फाईल दिल्यावर प्रोग्रॅमला एका फेऱ्यात घातलं: पोचली का? नाही. पोचली का? नाही. पोचली असं कळेपर्यंत हलायचंच नाही. दवाखान्यात चालवून बघितलं. पडदा पुन्हा गोठला, जुन्या प्रोग्रॅमपेक्षाही घट्ट. फाईल तर कधीच पोचेना. जुना निदान पाठवत तरी होता. बाजार दोन दिवसांवर आला होता. मी खोलीतले कपडे पिशवीत भरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याला निघालो. जव्हारच्या स्टँडवर जीप भरल्याशिवाय निघत नाही. तिथली माणसं सीटवर पिशवी ठेवतात आणि चहाला, दुकानात, कुठंही जातात. कोण कुठं गेलंय हे ड्रायव्हरला ठाऊक असतं. गाडी भरली की तो हॉर्न मारतो. मी मात्र इतके महिने झाले तरी पहिल्यापासून गाडीत बसून राहायचो, जागा जाईल म्हणून. वर ड्रायव्हरला विचारत राहायचो.

"भरली का?"

"नाही."

"आता?"

तो पुढच्या दाराला टेकून मोखाड्याची हाळी देत होता. मी परत विचारलं तेव्हा वळला. "ओ लातूर, तुला उत्तर देऊ का पॅसेंजर बोलवू? तुझ्याशीच बोलत राहिलो तर भरंल कशी गाडी?"

मागच्या सीटवरची बाई हसली. "त्याला पुढं बसव, तोच हाका मारंल."

मी हसलो नाही. मी खाली उतरलो आणि क्लासकडे चालू लागलो. मागून ड्रायव्हर ओरडला, "अरे रागावला काय? पिशवी राहिली तुझी!" मी हातानंच खूण केली, असू दे.

मॅडम मुलींना शिकवत होत्या. मी दारातूनच म्हणालो, "मॅडम, मी त्या लायब्ररीला विचारत बसतो म्हणून ती सांगू शकत नाही. प्रोग्रॅमला श्वासच घेऊ देत नाही मी."

त्यांनी खडू खाली ठेवला. "मग काढ तो फेरा."

"पण मग कळणार कसं?"

"पोचली की ती सांगेल. लाईन तुटली तर तेही सांगेल. दोन्हीसाठी लिहून ठेव आणि गप बस." खडू पुन्हा उचलत म्हणाल्या, "तुला गप बसणं जमत नाही, हीच तेवढी अडचण आहे."

फेरा काढला. फाईल पोचल्यावर घंटी वाजेल असा तुकडा लिहिला आणि कनेक्शन बंद करायची ओळ त्याच तुकड्यात नेली. लाईन तुटली तर तीच फाईल पुन्हा द्यायची, हे दुसऱ्या तुकड्यात. बाहेर हॉर्न वाजला तेव्हा मॅडमनी फ्लॉपी माझ्या हातात दिली. पिशवी माझ्या सीटवर होती.

बाजाराच्या दिवशी मी पहिली फाईल दिली आणि पुढच्या माणसाचं नाव टाईप करायला घेतलं. पडदा चालू राहिला. तिसऱ्या नावाच्या मध्येच घंटी वाजली आणि मी दचकलो. सिस्टर आतून म्हणाल्या, "डबा बोलला रे तुझा!" दुपारी लाईन एकदा तुटली. प्रोग्रॅमनं आपलीआपण ती फाईल पुन्हा पाठवली. मी फक्त बघत होतो. एक म्हातारा एक्स-रे काढून झाल्यावर विचारायला आला, "इथंच बसू का?" मी म्हणालो, "बाजार करून या, आजोबा. उत्तर आलं की हाक मारतो." हे वाक्य मी त्याआधी कुणाला म्हटलं नव्हतं. परतीच्या जीप निघायच्या आत सगळ्यांची उत्तरं आली होती, आणि नाशिकहून दुसरा माणूस आला नाही.

आता मी पुण्याला असतो. गाव तिथूनही लांबच. मॅडमचा क्लास पुढे बंद पडला. मोखाड्यात मुलींसाठी क्लास काढायचं त्यांच्या मनात फार होतं, ते राहून गेलं. मध्यंतरी फोनवर मी म्हणालो, "मॅडम, तो क्लास मी काढून देणार." त्या म्हणाल्या, "बरं."

नुसत्या बरं म्हणण्याला काय अर्थ असतो ते त्यांनीच मला शिकवलंय. म्हणून इथं लिहून ठेवतो. मोखाड्यात खोली मिळवून कॉम्प्युटर मांडीन, आणि पहिल्या दिवशी खडू त्यांच्या हातात देईन. तोवर त्यांनी मला विचारू नये. झालं की मी सांगेन.